साडेतेहतीस तास, एक वेताची खुर्ची आणि एक माशी

गगनबावडा

परवा रात्री काही केल्या झोप येईना, म्हणून 'द स्पिरिट ऑफ सेंट लुईस' पुन्हा लावला. बिली वाइल्डरचा, १९५७ सालचा, जेम्स स्टुअर्टवाला. निद्रानाशावर हा चित्रपट म्हणजे आगीतून फुफाट्यात, कारण त्याची सुरुवातच झोप न येणाऱ्या माणसापासून होते. लाँग आयलंडवरचं एक हॉटेल, बाहेर पाऊस, खाली वार्ताहरांचे टाइपरायटर खडखडतायत आणि वरच्या खोलीत चार्ल्स लिंडबर्ग डोळे टक्क उघडे ठेवून पडलाय. उजाडल्यावर त्याला न्यूयॉर्कहून पॅरिसला जायचंय. एकट्याने, मध्ये कुठेही न उतरता.

मी हा पहिल्यांदा पाहिला तो शाळेत असताना, कॉलनीतल्या कॅसेटच्या दुकानातून आणलेल्या व्हीएचएसवर. लिंडबर्ग आयर्लंडच्या अलीकडे कुठेतरी असताना फीत अडकली. वडिलांनी पेन्सिल घालून गुंडाळायचा प्रयत्न केला, मग कॅसेट डब्यात ठेवली आणि म्हणाले, "पोचला तो. पुस्तकात आहे." झाला आमचा शेवट. प्रत्यक्ष पोचलेला मी पाहिला तो कॉलेजात गेल्यावर.

धागा काढायचं कारण हेच. शेवट सगळ्यांना ठाऊक आहे. २० मे १९२७ ला सकाळी ७ वाजून ५२ मिनिटांनी रूझवेल्ट फील्डवरून उडाला, २१ मे च्या रात्री १०.२२ ला पॅरिसजवळच्या ल बुर्जेला उतरला. साडेतेहतीस तास, सुमारे ५८०० किलोमीटर. शाळकरी पोरालाही माहीत असलेला शेवट, आणि नायक काय करतो, तर खुर्चीत बसून राहतो. खलनायक नाही, प्रेमप्रकरण नाही, गाणी तर नाहीतच. तरी मी रात्री दोनपर्यंत जागा. हे वाइल्डरने कसं साधलं?

माझं मत असं की त्याने हा चित्रपट उड्डाणावर केलेलाच नाही, झोपेवर केलाय. समुद्र आहे, धुकं आहे, पंखांवर बर्फ धरतो, इंजिन मध्येच गप्प होतं. हे सगळं येतं आणि जातं. झोप मात्र पहिल्या प्रसंगापासून मानगुटीवर बसलेली आहे ती उतरत नाही. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता, म्हणजे उतरेपर्यंत हा माणूस पन्नासहून जास्त तास जागा होता.

आणि बसलाय कुठे ते बघा. विमान सॅन डिएगोच्या रायन कंपनीने साठ दिवसांत बांधून दिलेलं, इंजिनासकट किंमत १०,५८० डॉलर. डोनाल्ड हॉल हा आरेखक. इंधनाची मुख्य टाकी लिंडबर्गने मुद्दाम आपल्या पुढ्यात ठेवायला लावली. कारण साधं: विमान आपटलं तर इंजिन आणि टाकी यांच्यामध्ये आपला चेंदा व्हायला नको. पण त्यापायी समोरची काचच गेली. समोरचं बघायचं तर पाणबुडीसारखा एक पेरिस्कोप, नाहीतर विमान वाकडं करून बाजूच्या खिडकीतून डोकवायचं. बसायला वेताची खुर्ची, हलकी म्हणून. रेडिओ नाही, पॅराशूट नाही. नकाशांच्या नको असलेल्या कडासुद्धा कापून टाकल्या. हे सगळं वजन वाचवून भरलं काय, तर पेट्रोल: ४५० गॅलन, साधारण १७०० लिटर. उडताना विमानाच्या एकूण वजनातलं निम्म्याहून जास्त नुसतं इंधन होतं. थोडक्यात, पंख लावलेल्या टाकीला पाठीमागे एक माणूस चिकटवलेला.

असा माणूस पडद्यावर सव्वादोन तास दाखवायचा कसा? वाइल्डर आठवणींत जातो. टपालाची विमानं, जत्रेतल्या कसरती, विमान उडवायला शिकणारे फादर, पँट धरून ठेवणाऱ्या गॅलसच्या पट्ट्या विकणारा रेल्वेतला विक्रेता. यातल्या काही आठवणी भारी आहेत. रायनच्या कारखान्यातला मालक वेल्डिंगच्या ज्वाळेवर मासे भाजतो तो प्रसंग मी कधीही बघेन. काही निव्वळ भरताड आहेत हेही कबूल करतो.

पण खरी करामत माशीची. कॉकपिटमध्ये एक माशी सापडते आणि लिंडबर्ग तिच्याशी बोलायला लागतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हे बालिश वाटलं होतं. नंतर लिंडबर्गचं याच नावाचं १९५३ चं पुस्तक वाचलं (१९५४ चं पुलित्झर त्यालाच), त्यात तो सांगतो की अटलांटिकच्या मध्यावर त्याला विमानात आपल्या पाठीमागे आकृत्या जाणवत होत्या. माणसांसारख्या, धूसर, बोलणाऱ्या, त्याला दिशा आणि विमान यांबद्दल सांगणाऱ्या. त्यांची भीती वाटली नाही, उलट सोबत वाटली असं तो लिहितो. चित्रपटात त्या आकृत्या नाहीत. त्यांच्या जागी माशी आहे. पुस्तकातली भुतं काढून वाइल्डरने माशी घातली!

हा सौदा बरोबर होता की चूक? मला अजून ठरवता आलेलं नाही. म्हणून हा धागा.

---

मेथीकूट

लेख छान, वाचनखूण साठवली. पण एक सांगा, त्या स्टुअर्टचं वय तुम्हाला खटकत नाही? लिंडबर्ग २५ वर्षांचा होता. स्टुअर्ट ४७ चा. केस रंगवून काय होणार, मान आणि डोळे बोलतात ना. बँकवाल्यांसमोर तो "तरुण वैमानिक" म्हणून पैसे मागायला उभा राहतो तेव्हा मला वाटलं, हा बँकेत कर्ज घ्यायला नाही, ठेव मोडायला आलाय.

---

कोकमसरबत

मेथीकूट +१. ठेव मोडायला =))

---

गगनबावडा

मेथीकूट, खटकतं. नाही म्हणणारा खोटा. सुरुवातीच्या आठवणींत तर फारच. पण एकदा विमानात बसला की नाही खटकत. तिथे त्याचं वय कामाला येतं, कारण थकलेला चेहरा त्याला करावा लागत नाही.

शिवाय स्टुअर्ट खरा वैमानिक होता. दुसऱ्या महायुद्धात बी-२४ बॉम्बर घेऊन जर्मनीवर मोहिमा केलेला, पुढे हवाई दलाच्या राखीव फळीत ब्रिगेडियर जनरल झालेला. त्याचे हात बघा. गॅसच्या कळीवर, दट्ट्यावर ते ज्या सवयीने जातात ते शिकवून येत नाही.

आणि एक योगायोग. स्टुअर्टचा जन्म २० मे १९०८ चा. म्हणजे लिंडबर्ग उडाला त्या दिवशी हा पोरगा एकोणीस वर्षांचा झाला. त्याला ही भूमिका इतकी का हवी होती ते मला यातून जरा समजतं.

---

निवृत्त_खलाशी

तीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, त्यातली बरीच ब्रिजवर, तेव्हा दोन शब्द लिहायचा अधिकार सांगतो.

तुम्ही झोपेवर लिहिलंत, मला त्या चित्रपटात दिशाशोधन दिसतं. जीपीएसच्या पोरांना हे कळायचं नाही, म्हणून सविस्तर.

लिंडबर्गकडे आकाशातल्या ताऱ्यांवरून जागा काढायचं साधन नव्हतं. तो गेला अंदाजाच्या हिशोबावर. आमच्यात याला 'डेड रेकनिंग' म्हणतात आणि नाव ऐकून नवीन कॅडेट घाबरतात. इतक्या वेगाने, अमुक दिशेला, इतका वेळ गेलो, म्हणजे आता इथे असायला हवं. बस्स, एवढंच. यात 'असायला हवं' या शब्दांवर सगळा जीव टांगलेला असतो. वारा बाजूने ढकलत असेल तर तुम्ही नाक पॅरिसकडे ठेवून स्पेनला जाल. वारा ओळखायचा कसा, तर खाली उतरून लाटा बघायच्या. फेस कुठल्या अंगाला उडतोय, लाटांची पाठ कुठे आहे. म्हणून तो कधी कधी पाण्याला टेकेल इतका खाली यायचा. प्रेक्षकाला ते धाडस वाटतं, पण तो बिचारा खिडकीतून वारा वाचत होता.

आमच्याकडे साठास एक असा ठोकताळा आहे. दिशेत एक अंशाची चूक झाली तर साठ मैलांवर तुम्ही एक मैल बाजूला. न्यूफाउंडलंडचा किनारा सुटल्यापासून आयर्लंड दिसेपर्यंत सुमारे तीन हजार किलोमीटर नुसतं पाणी. एक अंश चुकला तर पन्नास किलोमीटर. झोपेच्या गुंगीत पाच अंश चुकला तर अडीचशे. आणि हा पठ्ठ्या आयर्लंडच्या डिंगल उपसागरापाशी लागला तो ठरवलेल्या मार्गापासून पाचेक किलोमीटरवर! यात नशीब होतंच, इकडे ढकललेलं तिकडे भरून आलं असणार. पण तासातासाला नवी दिशा धरून बसणं हे नशीब नाही.

तासातासाला नवी का, ते सांगतो. पृथ्वी गोल असल्याने सर्वांत जवळचा रस्ता नकाशावर सरळ दिसत नाही, कमान दिसते. मुंबईहून न्यूयॉर्कला जाताना समोरच्या पडद्यावर विमान आधी उत्तरेकडे का निघालंय असं वाटतं ना, तेच. ती कमान लिंडबर्गने सरळ तुकड्यांत पाडली, दर शंभर मैलांना एक, आणि प्रत्येक तुकड्याला दिशा काढून ठेवली. अंतराचा पहिला अंदाज त्याने कसा घेतला माहितीये? सॅन डिएगोच्या वाचनालयात जाऊन पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून.

त्या आरशाचाही उल्लेख राहिला तुमच्याकडून. होकायंत्र त्याच्या डोक्याच्या वर बसवलेलं, वाचायला आरसा हवा. उड्डाणाच्या सकाळी गर्दीतली एक मुलगी आपल्या पावडरच्या डबीचा आरसा देते आणि तो च्युइंगमने चिकटवतात. चित्रपटवाल्यांनी घातलेला मसाला वाटतो, पण गर्दीतल्या बाईने दिलेला आरसा आणि च्युइंगम हे खरं आहे.

---

गगनबावडा

काका, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून टाका. आरसा मी मुद्दाम राखून ठेवला होता, कुणीतरी काढेल म्हणून. पुढे तो झोपतो, विमान गिरक्या घेत खाली जायला लागतं आणि त्याच आरशावरून उन्हाची तिरीप डोळ्यांवर येऊन तो जागा होतो. हा भाग मात्र सिनेमावाल्यांचा. पण काय मसाला आहे! सुरुवातीला च्युइंगमने चिकटवलेली वस्तू तासाभराने जीव वाचवते.

---

तिरकस_तात्या

सगळे लिंडबर्ग लिंडबर्ग करताय. अटलांटिक विमानाने न थांबता पहिल्यांदा ओलांडला तो जून १९१९ मध्ये, अल्कॉक आणि ब्राऊन या दोघा ब्रिटिशांनी. न्यूफाउंडलंड ते आयर्लंड, शेवटी दलदलीत नाकावर आपटले. लिंडबर्गच्या आठ वर्षं आधी. त्यांच्यावर कुणी हॉलिवूडपट काढला? नाही, कारण ते अमेरिकन नव्हते.

आणि जाता जाता, आपल्या तळपद्यांनी गिरगाव चौपाटीवर १८९५ सालीच विमान उडवल्याचं म्हणतात...

---

कोकमसरबत

तात्या, चौपाटीसाठी वेगळा धागा काढा. इथे आधीच सहा धागे आहेत, सगळे मेगाबायटी आणि सगळे कुलूपबंद. (हलकं घ्या)

---

गगनबावडा

तात्यांचा पहिला मुद्दा शंभर टक्के बरोबर. लिंडबर्ग अटलांटिक ओलांडणारा पहिला नव्हेच. तो एकट्याने न थांबता ओलांडणारा पहिला, आणि न्यूयॉर्क ते पॅरिस हे दोन्ही टोकांचं अंतर तोडणारा पहिला. त्या दोन शहरांवर रेमंड ऑर्टिग या हॉटेलमालकाने १९१९ मध्येच २५,००० डॉलरचं बक्षीस लावलं होतं.

त्या बक्षिसापायी काय काय झालं होतं ते चित्रपटात ओझरतं येतं, ते जास्त यायला हवं होतं असं मला वाटतं. सप्टेंबर १९२६ मध्ये रेने फोंक, पहिल्या महायुद्धातला फ्रान्सचा सर्वांत नावाजलेला लढाऊ वैमानिक, तीन इंजिनांचं विमान आणि आणखी तिघांना घेऊन याच रूझवेल्ट फील्डवरून निघाला. विमान उचललंच नाही, दोघे जळून गेले. एप्रिल १९२७ मध्ये डेव्हिस आणि वूस्टर चाचणीत मेले. ८ मे ला नंजेसेर आणि कोली पॅरिसहून निघाले ते कुणाला परत दिसलेच नाहीत. त्यानंतर बाराव्या दिवशी हा पंचवीस वर्षांचा पोरगा एक इंजिन घेऊन एकटाच चिखलातून धावपट्टीवर जातो. टोकाला टेलिफोनच्या तारा. चित्रपटातलं ते उड्डाण मी आत्तापर्यंत आठ-दहा वेळा पाहिलं असेल, दर वेळी तारा आल्या की पाय आपोआप वर घेतो.

बाकीचे सगळे जास्त इंजिनं, जास्त माणसं, जास्त सोय या मार्गाने गेले. यानं प्रत्येक गोष्ट कमी केली, माणसंसुद्धा.

---

रात्रपाळी

मी इथे सहसा फक्त वाचते. आज लिहावंसं वाटलं.

मी परिचारिका आहे, अतिदक्षता विभागात एकोणीस वर्षं. चित्रपट मी पाहिलेला नाही, पण माशीबद्दल वाचलं आणि एकदम माझी पहाटेची चार ते साडेपाचची वेळ आठवली. लोकांना वाटतं मध्यरात्र अवघड असते. मध्यरात्र सोपी असते हो. बाराला चहा होतो, दोनपर्यंत कामं असतात. चारला सगळं मार्गी लागलेलं असतं, यंत्रांचा एकसुरी आवाज सुरू असतो, आणि तेव्हा झोप समोरून येत नाही, बाजूने येते. आपण जागेच आहोत असं वाटत असतं. एकदा मी नोंदवहीत रक्तदाब लिहायच्या जागी आमच्या गावच्या एसटीची वेळ लिहिली होती. अक्षर सुवाच्य, रकान्यात नीट. सकाळच्या सिस्टरने विचारलं, "हे ५.४५ काय आहे ग?" तेव्हा कळलं.

तेव्हापासून चार वाजता मी बोलायला लागते. बेशुद्ध पेशंटशी, सलाईनच्या स्टँडशी, खिडकीतल्या पालीशी. "काय बाई, जेवलीस का?" असं. आमच्यातल्या नवीन मुली हसतात, पुढच्या महिन्यात त्याही बोलायला लागतात. तेव्हा तुमचा प्रश्न की आकृत्यांच्या जागी माशी बरोबर की चूक. मला आकृत्या अजून दिसल्या नाहीत, देवाची कृपा. पण माशीत खोटं काही नाही.

---

निवृत्त_खलाशी

रात्रपाळी ताई, चार ते आठची वॉच, म्हणजे पाळी, आमच्याकडेही हीच. सलाम.

---

मेथीकूट

ताई, रोज लिहा. पुढील लेखनास शुभेच्छा.

---

उंबरठा_ओलांडून

विरस करतो, पण कुणीतरी करायलाच हवा. आपण ज्या माणसाच्या झोपेवर इतके हळवे होतोय त्याने १९३८ मध्ये बर्लिनला हिटलरचा हवाई दलप्रमुख गोरिंग याच्या हातून नाझी पदक घेतलं आणि परत केलं नाही. सप्टेंबर १९४१ मध्ये दे मॉईन येथल्या भाषणात अमेरिकेला युद्धात ढकलणाऱ्यांमध्ये ब्रिटिश आणि रूझवेल्टच्या सरकारबरोबर ज्यूंचं नाव घेतलं. मेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं की जर्मनीत त्याचे गुप्त संसारही होते. चित्रपट १९२७ ला पॅरिसला उतरतो आणि संपतो. सोयीस्कर!

---

तिरकस_तात्या

मुलाचं अपहरण होऊन खून झाला त्याचा, १९३२ मध्ये. तेही लिहा की. मापं काढायची तर दोन्ही पारड्यांत टाका.

---

उंबरठा_ओलांडून

तात्या, मुलाचं दुःख खरंच भयंकर. पण त्याचा आणि भाषणाचा हिशोब एका वहीत होत नाही.

---

गगनबावडा

उंबरठा, विरस वगैरे काही नाही, हे यायलाच हवं होतं. पण यातली खरी विचित्र गोष्ट लिंडबर्ग नसून वाइल्डर आहे.

वाइल्डर ज्यू. बर्लिनमध्ये पटकथा लिहायचा, १९३३ मध्ये हिटलर आल्यावर पळाला. त्याची आई नाझींच्या हातून मेली. असा माणूस युद्ध संपून दहाएक वर्षं होतात न होतात तोच, छावण्यांची राख अजून गरम असताना, लिंडबर्गवर गौरवपट करायला घेतो. का? वाइल्डर पुढे एक किस्सा सांगायचा. तो आणि लिंडबर्ग एकदा विमानातून जात होते, वादळात विमान गचके खात होतं. वाइल्डर लिंडबर्गकडे वळून म्हणाला की हे पडलं तर उद्याचा मथळा काय झकास होईल: 'एकाकी गरुड आणि त्याचा ज्यू मित्र' (एकाकी गरुड हे लिंडबर्गचं टोपणनाव). वाइल्डरला ओळखणाऱ्याला कळेल की त्या विनोदात किती दात आहेत.

माझा अंदाज असा की चित्रपट जो थोडा अंगचोरटा वाटतो त्याचं मूळ इथे आहे. वाइल्डरचे एरवीचे चित्रपट आठवा, एकही माणूस धुतल्या तांदळासारखा नसतो, संवाद ब्लेडसारखे. इथे नायकाला एक डाग नाही. हयात माणसावर, त्याच्याच पुस्तकावरून, त्याच्या परवानगीने चित्रपट काढला की लेखणीला आपोआप म्यान चढतं. आपल्याकडचे चरित्रपट बघणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. साठेक लाख डॉलर खर्चून केलेला चित्रपट पडला, तो अशा वर्षी जेव्हा वाइल्डरचाच 'विटनेस फॉर द प्रॉसिक्युशन' धो धो चालला.

पण मग उरतं काय, तर खुर्चीत बसलेला थकलेला माणूस. त्या भागात लिंडबर्ग कोण होता, पुढे कोण झाला याने मला फरक पडत नाही. तुम्हाला पडत असेल तर तुमचंही चूक नाही.

---

कांदाभजी

मी इतका वेळ फक्त एकाच प्रश्नासाठी थांबलोय. त्याने खाल्लं काय?

---

गगनबावडा

पाच सँडविच आणि पाणी. "एवढंच?" असं विचारल्यावर त्याचं उत्तर अशा अर्थाचं होतं: पॅरिसला पोचलो तर जास्त लागणार नाही, नाही पोचलो तरी लागणार नाही. आणि त्या पाचांतलंही जेमतेम एक खाल्लं. पोट भरलं की झोप येते हे आपल्याला शनिवारच्या दुपारी कळतं, त्याला तिथे कळलं.

चित्रपटात त्याच सँडविचच्या पिशवीतून फादरनी दिलेलं संत ख्रिस्तोफरचं पदक निघतं, ते एका मित्राने गुपचूप ठेवलेलं. आणि ल बुर्जेवर उतरताना, खाली दिव्यांचा गोंधळ, डोकं चालेनासं झालेलं, हा प्रार्थनेवर विश्वास नसलेला माणूस पुटपुटतो की देवा, मदत कर. लोकांना हा शेवट फार गोड वाटतो. मलाही वाटायचा. रात्रपाळी ताईंचा प्रतिसाद वाचल्यावर वाटतं, त्या क्षणी तो कुणाशीही बोलला असता. पालीशीसुद्धा.

---

जुहूचा_वारा

थोडं अवांतर, पण अगदीच अवांतर नाही.

लिंडबर्गनंतर तीन वर्षांत आपल्याकडेही अशीच शर्यत झाली. इंग्लंड ते भारत, कुठल्याही दिशेने, एकट्याने उडणाऱ्या पहिल्या भारतीयाला आगाखानांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं. उतरले तिघे: मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जेआरडी टाटा. जेआरडींचा वैमानिकाचा परवाना १० फेब्रुवारी १९२९ चा, भारतात दिलेला पहिला. ते कराचीहून लंडनकडे निघाले, अस्पी उलट्या दिशेने येत होते. इजिप्तमध्ये अबुकिरला दोघांची गाठ पडली. सतरा वर्षांचा अस्पी स्पार्क प्लगसाठी अडकून बसलेला. जेआरडींनी आपल्याकडचे जादा प्लग दिले, अस्पीने बदल्यात आपलं जीवरक्षक जाकीट. आणि बक्षीस गेलं अस्पीला, काही तासांच्या फरकाने! मनमोहन सिंग पोचले होते, पण ठरलेली मुदत टळून गेल्यावर. अस्पी पुढे हवाई दलाचे प्रमुख झाले.

मला सांगा, यावर चित्रपट का नाही? खलनायक नाही, प्रतिस्पर्धी प्लग देतो, आणि तोच हरतो. वाइल्डरला माशी लागली, इथे तर एक स्पार्क प्लग पुरे.

१५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टपाल घेऊन कराचीहून 'पुस मॉथ' या छोट्या विमानातून जुहूला उतरले, ते सगळ्यांना माहीत असतं. अबुकिर फारसं माहीत नसतं. आणि आजच्या काळातलं हवं असेल तर मुंबईची आरोही पंडित. २०१९ मध्ये छोट्याशा हलक्या विमानातून स्कॉटलंड, आइसलंड, ग्रीनलंड असे टप्पे घेत एकटीने अटलांटिक ओलांडला, अशा विमानातून ओलांडणारी जगातली पहिली बाई. उतरली कॅनडात इकालुइटला. लिंडबर्गच्या उलट्या दिशेने, म्हणजे वारा नाकावर घेऊन.

---

तिरकस_तात्या

प्लगची गोष्ट माहीत नव्हती. आवडली. (हो, मलाही काही गोष्टी आवडतात.)

---

मेथीकूट

काल रात्री नवऱ्याबरोबर बघितला. वयाबद्दलचं माझं मत तेच, पण विमान सुटल्यानंतरचा स्टुअर्ट मागे घेते. नवरा मधेच म्हणाला, "पोचतो ना ग हा?" म्हटलं, अरे, इंजिनिअर ना तू!

---

गगनबावडा

नवऱ्याला लाजवू नका. लिंडबर्गची धाकटी मुलगी रीव्ह, दहा-अकरा वर्षांची असताना, हाच चित्रपट आईवडिलांबरोबर थिएटरात बघत होती. मध्येच तिने आईचा हात धरला आणि विचारलं, बाबा पोचतात ना? बाबा पलीकडच्याच खुर्चीत.

---

उंबरठा_ओलांडून

हे मात्र भारी आहे.

---

निवृत्त_खलाशी

नातवाचा पृथ्वीचा गोल घेऊन दोरा ताणून पाहिला. न्यूयॉर्कपासून पॅरिसपर्यंत घट्ट ओढला की दोरा आपोआप वर सरकतो, नोव्हा स्कॉशिया, मग न्यूफाउंडलंड, मग थेट आयर्लंडचं दक्षिण टोक. नकाशावर कितीही डोळे फोडा, हे दिसायचं नाही. नातू म्हणाला, "आजोबा, आता मुंबई ते आपलं दापोली करा." तेवढ्यात सौ. आल्या. दोरा गोधडीचा होता, परत मागितलाय.